फक्त पाहण्यासाठी

तीन सॉफ्टवेअरं, महिनाभर फुकट.
साहेब म्हणाले, बागवान बाई, तक्ता तुम्ही करा,
तुमचं अक्षर चांगलं आहे.
तक्ता कॉम्प्युटरवर करायचा होता, पण असो.

भोसरीत, लांडेवाडीच्या मागच्या गल्लीत आमचा कारखाना.
पंपांची कव्हरं. वर ऑफिस, खाली लेथ,
जिन्यात कूलंटचा वास,
आणि ड्रॉइंग आजवर जिन्यानंच खाली गेली.

पहिल्याचा सेल्समन बाणेरहून आला.
एकाच कागदावर पाच जण एकदम लिहू शकतात, म्हणाला.
गवारे मास्तर म्हणाले, आमच्याकडे एका कागदावर
पाच जण सही करायला तयार होत नाहीत.
तो हसला, आणि तेही टिपून घेतलं.

दुसरं मराठी बोलतं. म्हणजे 'सामायिक करा' म्हणतं.
कुदळे तीन दिवस दुपारी माझ्या टेबलाशी येऊन
बाई, डबा सामायिक करा.
तिसरं स्वस्त. तिसऱ्याबद्दल आधी एवढंच लिहिलं.

मग रकाने वाढत गेले.
ड्रॉइंग मोबाइलवर उघडतं का.
गुरुवारी लाइट जाते तेव्हा काय.
खालच्या माणसाला बदल करता येतो की नुसतं बघता येतं.
कोणी, कधी, काय बदललं, ते दिसतं का.

ह्या शेवटच्यासाठी काहीतरी जुनं चढवून बघायला हवं होतं.
हाताशी आलं सहाशे बारा.

सहाशे बारा आमच्याकडे कोणी मोठ्यानं म्हणत नाही.
चाळीस कव्हरं, बेचाळीसचं भोक शेहेचाळीसचं,
टेम्पोतून परत आली ती तशीच भंगारात.
चुकीचं ड्रॉइंग पोखरकरांनी खाली दिलं, असं ठरलं.
ठरलं म्हणजे साहेब बोलले आणि बाकी कोणी बोललं नाही.
मीही.
पोखरकरांचा हिशेब मीच केला,
सतरा दिवसांचा पगार, उचल वजा.

दुसऱ्यानं दोन्ही प्रती शेजारी शेजारी मांडल्या
आणि एकच आकडा लाल केला.
पहिल्यानं फाइलच्या पोटातलं वाचून दाखवलं:
शेवटचा बदल चौदा मार्च, रात्री अकरा चाळीस,
साहेबांच्या घरचा लॅपटॉप.
रात्री अकरा चाळीसला पोखरकर
आळंदी रोडला झोपलेले असणार, सकाळची पाळी होती.

रकान्यात लिहिलं, हो. हो.
तिसरं तीस दिवसांपुरतंच लक्षात ठेवतं.
तेही लिहिलं, त्याच अक्षरात.

सोमवारी मीटिंग. साहेबांनी तक्ता वरून खाली वाचला,
त्या ओळीशी चष्मा काढला, पुसला, घातला.
तिसरं घेऊ, म्हणाले.
आपल्याला इतकं लक्षात ठेवून करायचंय काय.
गवारे मास्तरांचं बिस्कीट चहात पडलं होतं,
ते चमचा शोधत राहिले.

पहिल्याचे फुकटचे दोन दिवस उरले होते.
पोखरकर आता चाकणला, कोणाच्या तरी स्टोअरला.
नंबर होता माझ्याकडे.
लिंक पाठवताना ते तीन गोष्टी विचारतं:
बदल करता येईल, शेरा लिहिता येईल, फक्त पाहण्यासाठी.
मी तिसरं दाबलं.
खाली निरोपाची चौकट होती. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं,
मोकळीच पाठवली.

रात्री सव्वानऊला, भांडी आवरून बसले
तर ड्रॉइंगच्या वर, उजवीकडे, एक हिरवा गोल उगवला.
आत 'पो'.
कुठल्या आकड्याशी थांबलेत ते कळत नव्हतं.
नुसतं बघणाऱ्याचा बाण दिसत नाही,
हे मी तक्त्यात लिहायला विसरले होते.
माझाही गोल त्यांना दिसत असणार. 'बा'.

अकरा मिनिटं आम्ही दोघं त्या एका कागदावर होतो
आणि कोणी काही बदललं नाही.