काट्याची झोळी

तिसऱ्या दिवशी दार अर्धंच उघडलं.
झुंबरबाईंचा एक डोळा, एक बांगडी,
आतून ओव्याच्या धुरीचा वास.
"सव्वा महिना लेकरू कोनले दखाडतस नही."
मी म्हटलं, मी कोणी परकी नाही, मावशी, मी आशा.
"तेच ते," म्हणाल्या,
आणि कडी लागली.

माझ्या पिशवीत थर्मामीटर, घड्याळ,
वजनाचा काटा, त्याची निळी झोळी.
अनेरकाठच्या ह्या गावात काट्यावर कापूस चढतो
आणि काटा मारला जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
मग मी काटा टांगून म्हणाले, पोरगी हलकी आहे,
तर का मानावं त्यांनी?
सगळ्या भेटी झाल्याशिवाय मला पैसे मिळत नाहीत,
हेही गावाला ठाऊक.

चोपड्याच्या ट्रेनिंगला साहेबांनी फळ्यावर लिहिलं होतं:
कुटुंबे सेवा का घेत नाहीत?
अंतर. पैसा. अज्ञान.
अज्ञानाखाली दोन रेघा.
मी वहीत उतरवून घेतलं. पंख्याखाली झोप येत होती.

त्या फळ्यावर ती नर्स नव्हती
जी कळा देणाऱ्या हर्षदाला म्हणाली होती,
तेव्हा नाही का ओरडलीस?
समाधान नव्हता, केळीच्या ट्रकवर रावेरहून कुठे कुठे जाणारा,
ज्याला विचारल्याशिवाय घरातून काही हलत नाही
आणि ज्याचा फोन दिवसभर लागत नाही.

पाचवीच्या रात्री त्यांनी पाटावरवंटा पुजला.
सटवाईसाठी कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं.
पेन माझंच. पोलिओच्या डोसाला गेले तेव्हा विसरलेलं.

सातव्या दिवशी सकाळी केळीबागांवरून असा वारा
की ओठ उलले.
मी पुढच्या दाराशी उभी, आणि हाक मागून आली,
न्हाणीच्या आडून:
"ताई, ती पीतच नाही."

पोरीचे तळवे
रात्रभर ओट्यावर राहिलेल्या तांब्यासारखे.

झुंबरबाई आल्या, काही बोलणार होत्या.
मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं.
लाल काटा फिरून वर आला की थांब म्हणा,
मी श्वास मोजते.
एक मिनिट त्या घरात कोणी कोणाशी भांडलं नाही.
बरगड्यांखालचा तो एवढासा खड्डा
पडत होता, भरत होता.
"थांब."
अडुसष्ट.

मग त्या घड्याळाकडेच बघत म्हणाल्या,
"मन्हा पहिला आंडोर काचनी पेटीमा ठेवा व्हता.
तिसरा रोज मन्हा हातमा दिन्हा. गुंडाळेल."

आमच्या पुस्तिकेत ह्यावर काही नाही.
शेवटची काही पानं कोरी आहेत, पण ती टिपणांसाठी.
मी म्हटलं, तुम्ही चला बरोबर.
तुमच्या हातातून कोणी घेणार नाही, असं म्हणणार होते,
म्हटलं नाही. मला ते माहीत नव्हतं.
चला, एवढंच म्हटलं.

गाडीत त्यांनी चोळीच्या गाठी सोडल्या,
पोरीला उघडं करून छातीशी घेतलं, वरून पदर, वरून गोधडी.
मी सांगायच्या आत.
हर्षदा टाक्यांवर हात धरून, प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत.
दवाखान्याच्या दारात कोणीतरी ओरडलं,
आजी, अंगावरचं नीट करा.
झुंबरबाईंना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

एकविसाव्या दिवशी दार उघडंच होतं.
काटा आढ्याच्या खिट्टीला टांगला,
निळ्या झोळीत पोरगी, पाय झाडत, रागावलेली.
दोन किलो शंभर.
फॉर्म मी घरी विसरले होते.

झुंबरबाईंनी पाळण्याच्या गोधडीखाली हात घातला,
चौपदरी घडी काढली, पाटावर उलगडली,
हळदीचा एक ठसा, बाकी पांढरं.
"कोराच शे. सटवाईनी काही लिखं नही.
तू लिख."

पेन चालेना.
दोनदा झटकलं.