टॉवेलची दांडी

पहिला कॉन्ट्रॅक्टर माझ्याशी बोललाच नाही.
माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून
फोनवर मुलाशी बोलला, मिनियापोलिसला:
"आईंना उतार लागेल, जिन्याला खुर्ची लागेल,
कमोड उंच करावा लागेल."
आई तिथेच कॉफी ओतत होती.
निम्मे पैसे आगाऊ मागितले त्यानं
आणि भरलेला कप तसाच ठेवून गेला.

दुसऱ्याकडे टॅबलेट होता.
त्यात माझं न्हाणीघर पांढरंफेक,
आणि टबाच्या काठावर एक हसरी म्हातारी,
माझ्याहून वीस वर्षांनी तरुण.
म्हणाला, आज सही केलीत तर भाव वेगळा.
मी म्हटलं, मग उद्याचा सांगा.

तिसरी मार्लिस क्वाम.
बूट दारातच काढले. वाकताना
गुडघ्यावर हात ठेवून कण्हली,
तिथेच ती मला अर्धी पटली.
मोजपट्टी खिशातून काढलीच नाही.
"रात्री दोनला उठत असाल ना, आयली?
दाखवा बघू, कशा जाता."

भर दुपारी पडदे ओढून
आम्ही दोघी खाटेपासून निघालो.
एक हात कपाटाला,
मग रेइनोच्या खुर्चीच्या पाठीला,
मग तीन पावलं कशालाच नाही,
एप्रिलमधल्या सरोवरावर टाकावीत तशी,
बर्फाचा कानोसा घेत.
मग चौकट. मग टॉवेलची दांडी.

"चार वर्षं हिलाच धरते," मी म्हटलं.
तिनं दोन बोटांनी दांडी हलवली.
दोनच बोटांनी.
दांडी हातात आली,
दोन स्क्रू, चिमूटभर चुना.

मार्लिस काही बोलली नाही.
वहीत लिहिलं: मागे लाकूड नाही.

मी लायसन्स बघितलं, विम्याचा कागद बघितला,
जुन्या गिऱ्हाइकांचे तीन नंबर घेतले आणि फिरवलेसुद्धा.
एक जण वारला होता.
त्याची बायको म्हणाली, दांडी अजून घट्ट आहे.

करारात खाली बारीक ओळ होती:
भिंतीत अनपेक्षित काही निघाल्यास जादा आकार.
"काय निघतं?"
"बुरशी. उंदराचं घर. एकदा बाटली निघाली, भरलेली."

सोमवारी भिंत उघडली
आणि आतून खळखळत आली
दाढीची पाती.
शेकडो, गंजून एकमेकांना बिलगलेली.
औषधांच्या कपाटात मागे एक फट होती,
तेव्हाच्या घरांत असायची तशी.
बोथट पातं त्यातून सोडायचं,
भिंत गिळून टाकायची.
तेहेतीस वर्षं, आठवड्याला एक.
मी त्या भिंतीला टेकून दात घासले,
पोराला आंघोळी घातल्या,
रेइनो गेल्यावर नळ सोडून रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
मला वाटायचं, भिंत पोकळ आहे.

मार्लिसनं जाड हातमोजे घातले,
कॉफीच्या डब्यात पाती भरली,
झाकणाला चिकटपट्टी लावली, वर लिहिलं: सांभाळून.
मग खांबांच्या मध्ये जाड फळी ठोकली,
भिंत मिटवली, पोलादी दांडी बसवली
आणि स्वतः तिला लटकली, पाय मुडपून.
"एकशे नव्वद पौंड," म्हणाली. "खोटं नाही."

बिलात जादा आकार होता, चाळीस डॉलर.
बरं वाटलं.
दयेनं सोडला असता
तर तिला पुन्हा घरात घेतली नसती.

डबा गॅरेजात आहे.
धोकादायक कचऱ्याची गाडी महिन्यातून एकदा येते,
दोनदा येऊन गेली.

जाताना मार्लिस त्या मधल्या जागेत थांबली,
खुर्ची आणि चौकटीच्या मध्ये.
"इथेही एक लावू का?"
मी म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात विचार.
ती तीन पावलं
अजून माझी मी टाकते.