मातीमोल

बेटावर उतरले तेव्हा पाऊस आडवा येत होता.
बार्तलीनं माझी पिशवी घेतली, म्हणाला,
"बुटाला काही लागलं असेल तर इथेच झटक.
आत आणलेली माती चालते आम्हाला.
बाहेर नेलेली नाही."
विनोद असावा असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं वावर पाहिलं:
दोन खाटा मावतील, फार तर अडीच.
खाली सलग चुनखडक,
उन्हाळ्यातल्या टाचेसारखा भेगाळलेला.
पाऊस इथे साचत नाही,
भेगेतून सरळ पाताळात.

त्याच्या पणज्यानं आधी भेगा बुजवल्या, कपच्या ठोकून.
मग किनाऱ्यावरची वाळू,
वाळूवर शेवाळ,
पुन्हा वाळू, पुन्हा शेवाळ,
पाठीवरचा हारा ओला, गळका,
मणक्याच्या मण्यामण्यात मीठ.
किती वर्षं?
बार्तली बोटं मोजायला घेतो, मग सोडून देतो.
"पहिले बटाटे आले तेव्हा पणजीचे दात पडले होते,
एवढं ऐकलंय."

शेवाळ आणायचं वादळानंतर.
जे होड्या उलथवतं
तेच पहाटे किनाऱ्यावर ढीग टाकून जातं.
एका वर्षी काका परतला नाही.
ढीग मात्र होता.
कुणीतरी उचलायचाच होता.
उचलला.

दगडी बांधांना फटी आहेत.
बुजवत का नाही, मी विचारलं.
गाय हाकणारी नोइनीन हसली, बार्तलीची लेक:
"अडवला तर वारा भिंत पाडतो.
चाळला तर नुसता दमतो."
भिंतीला फाटकही नाही.
गाय आत घ्यायची तर चार दगड काढायचे,
गेली की चार दगड लावायचे.
रोज. दोनदा. मरेपर्यंत.

यंदा जानेवारीत समुद्र भिंतीवरून आला.
"यापूर्वी कधी नाही," बार्तली म्हणतो
आणि 'यापूर्वी'वर जरा अडखळतो.
खालची पट्टी वाहून गेली,
खडक पुन्हा उघडा.
पणज्याच्या कपच्या तेवढ्या भेगांत घट्ट.
नोइनीन कॉलेज अर्धं टाकून आली.
मातीतल्या खारटपणाचे आकडे ती मोबाईलमध्ये ठेवते,
आणि हाऱ्याऐवजी मासळीचा निळा प्लास्टिकचा क्रेट
पाठीला बांधते, दोरीनं.
दोरी जुनीच.

माझ्या भाषेत कवडीमोलाला मातीमोलही म्हणतात,
हे जेवताना सांगितलं.
बार्तलीला कळेना.
दुसऱ्यांदा समजावलं.
त्यानं बटाटा सोलता सोलता थांबून माझ्याकडे पाहिलं,
एखाद्या श्रीमंत घरच्या पोराकडे पाहावं तसं.
तिसऱ्यांदा मीच गप्प बसले.

निघताना धक्क्यावर, कुणी न सांगता,
बूट उलटे करून झटकले.
चिमूटभर निघाली.
बोटीच्या घाईत
ती दगडावर पडली की पाण्यात,
पाहायचं राहिलं.