सत्त्याण्णव रकाने

पहिल्याच दिवशी सगळ्यांना कागद वाटले.
हेलेदला अकरा पानं, काळीभोर,
साखरेवर मुंग्या लागाव्यात तशी.
मला एक.
त्यावर एक जाड आडवी रेघ,
तिच्या डोक्यावर आकडा : सत्त्याण्णव.
म्हणजे सत्त्याण्णव रकाने गप्प उभं राहायचं
आणि अठ्ठ्याण्णवाव्यात ट्रँगल.
एकदा.

फोनवर आई म्हणाली, ‘इतके पैसे भरून एकदाच?’
आणि तीच हसली.
फोन आठवड्यातून दोनदा मिळायचा, टोपलीतून,
पंधरा मिनिटं.
त्यातली दोन या हसण्यात गेली.

उन्हाळ्यात ही शाळा मेंढ्यांची असते.
त्या थेट खिडकीला नाक लावतात
आणि चुकलेला सूर ऐकूनही चरत राहतात.
खोलीत आम्ही सहा जण,
शिवाय ग्वेर्नचा डबल बास,
मोकळ्या खाटेवर आडवा, उशीवर मान,
अंगावर कुणीतरी घातलेलं पांघरूण.

दुसऱ्या रात्री ग्वेर्न रडला.
आवाज फुटू नये म्हणून
त्याने तोंड बासच्या कुशीत खुपसलं,
आणि तारा घुमायला लागल्या,
बारीक, खालच्या पट्टीत.
आम्ही सगळे जागे होतो.
कुणी काही बोललं नाही.
सकाळी मॅक्सेनने आपल्या वाटणीचा जॅम
त्याच्या टोस्टवर उलटा केला
आणि दुसरीकडे बघत बसला.

मी मोजायचो. जिने मोजले, मेंढ्या मोजल्या,
हेलेदच्या बोटांवरचे फोड मोजले (चार, एक फुटलेला).
फक्त रकाने मोजताना
पन्नाशीच्या पुढे कुठेतरी पाय घसरायचा.

बुधवारी मी वाजवलं.
सगळे एकदम थांबले होते,
आणि त्या थांबण्यात
माझा ठोका एकटाच चमकत राहिला,
चड्डी न घालता बाहेर आलेल्या पोरासारखा.
श्रीमती प्रदेर्ख यांनी छडी खाली ठेवली.
‘आवाज सुरेख आहे,’ त्या म्हणाल्या,
‘पण तो उद्याचा आहे.’

कादी हॉर्न वाजवते. तिलाही पुष्कळ थांबावं लागतं.
जेवणाच्या रांगेत ती म्हणाली,
‘घरी जाताना बसमधून तू आकडे मोजतोस का?
चॅपल आलं, पंप आला, काकाचा मोडका ट्रॅक्टर आला,
कळतं ना, आता उतरायचंय?’

मग मी सामान मांडलं.
ओबो सुरू झाला की चॅपल.
व्हायोलिनं एकदम वर गेली की टेकडीवरची शाळा.
बासचा तो गुरगुरता भाग, नव्वदावा,
तो रस्त्यातला लोखंडी गज,
ज्यावरून गुरं जात नाहीत
आणि गाडी गेली की दात वाजतात.

शनिवारी खुर्च्या भरल्या.
बाबा डाव्या टोकाला, आई उजव्या,
मधे सहा अनोळखी गुडघे.
बाबांनी दाढी ठेवली होती.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
दाढीकडे बघता बघता
चॅपल गेलं, शाळा गेली,
मी कुठल्या गावात आहे तेच कळेना.
श्रीमती प्रदेर्ख दुसरीकडे वळलेल्या,
हात घामाने निसरडा.

आणि ग्वेर्नने गज वाजवला.
काय वाजवला! खिडक्यांच्या काचा बोलल्या.
मी सावकाश सात मोजले
आणि मारला.

तो आवाज मी हाताने धरला नाही. जाऊ दिला.
तो वर गेला, छताकडे,
आणि आईने वर पाहिलं,
बाबांनीही,
एकाच तुळईकडे.

गाडीत आई म्हणाली, ‘एकदाच होतं ना रे?’
‘दोनदा,’ मी म्हटलं.
पंप गेला. चॅपल गेलं.
गजावरून चाकं खडखडली
आणि माझी मूठ आपोआप वळली.
‘काय झालं?’
‘थांब,’ मी म्हटलं,
‘अजून सात.’