अंग दुखतंय का?

महापालिकेची मुलगी दारात, दोन हात लांब,
फेसशील्डवर तिचाच श्वास साठलेला.
ताप? नाही. खोकला? नाही. वास येतो?
शेजारची फोडणी येते, म्हटलं, करपलेली.
अंग दुखतंय का?
हो.
कधीपासून?
दोन हजार नऊपासून.
तिचं पेन थांबलं.
तिच्या कागदावर चौदा दिवसांपुरतीच जागा होती.

बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले
त्याच सुमारास माझी गोळी प्रसिद्ध झाली.
पांढरी, दिवसाला दोन, जेवणानंतर.
अकरा वर्षं जिचं नाव गल्लीत फक्त मी
आणि गुंदेचा मेडिकलवाला नीट उच्चारायचो,
ती टीव्हीवर!
चाळिशीतल्या बहिणीला एकाएकी स्थळं यावीत
तशी माणसं तिच्यासाठी रांगेत.
गुंदेचा पत्र्याच्या फटीतून म्हणाला, ताई, संपली.
मग आवाज खाली आणून:
तुमच्याच बिल्डिंगमध्ये गेल्यात दहा पट्ट्या.

माझ्याकडे अठरा गोळ्या.
अर्धी करायची तर सुरी धरावी लागते,
सुरी धरायला मूठ वळावी लागते,
मूठ वळायला अख्खी गोळी.

सकाळी सहाला बोटं अजून कालच्याच दिवसात असतात.
बादलीत गरम पाणी, त्यात दोन्ही हात सोडून
मी पाढे म्हणते.
पूर्वी एकोणीसपर्यंत आलं की अंगठा हलायचा.
आता तीस संपतात,
पावकी-निमकी संपते,
पाणी गार होतं.

हिराबाई पत्र्यापलीकडे अडकल्या, अप्परला.
त्यांचा फोन: कणीक कोण मळतं, ताई?
कुणी नाही. भात खाते.

आणि सगळं शहर कोपरानं दार उघडायला शिकलं.
नळ मनगटानं, बटण पेनाच्या टोकानं.
हात कुणी पुढे करेना;
हळू, हळू, असं मला ओरडावं लागेना.
माझी अकरा वर्षांची विद्या लोकांनी आठवड्यात उचलली.
क्षणभर बरं वाटलं मला.
खोटं कशाला बोलू.

डॉक्टर मोबाईलवर: मूठ दाखवा. अजून जवळ.
पडदाभर माझी मूठ, धड मिटलेली नाही, धड उघडी नाही,
काहीतरी लपवल्यासारखी.
एक ते दहामध्ये किती दुखतं?
नेटवर्क गेलं.
सात म्हणाले, ते भिंतीला.

जुलैत तिसऱ्या मजल्यावरच्या दोरग्यांना न्यायला गाडी आली.
खुर्चीत बसवून उतरवलं. माझ्या दाराशी
त्यांनी हात उचलला. निरोप होता की नुसतं कापणं,
कळलं नाही.
चौथ्या दिवशी गॅलरीत वरून दोरी आली,
टोकाला भाजीची पिशवी. आत दहा पट्ट्या.
नवांना हात लागलेला नव्हता.
दहावीत चार खळगे रिकामे.
वरून मयूरी, त्यांची सून, ओरडून सांगत होती:
बाबा म्हणाले, खालच्या ताईंना द्या.

मार्चमध्ये सगळे थाळ्या वाजवत होते तेव्हा
मी गॅलरीत नुसती उभी होते.
चमचा दोनदा पडला, मग उचललाच नाही.
दोरगे वरून बघत होते.
मला वाटलं होतं, नावं ठेवताहेत.

पिशवीची गाठ सुटेना.
दोरी वरून ताणलेली, खाली माझी दहा लाकडं.
आजाऱ्याच्या घरातली वस्तू, शिवू नका, उन्हात ठेवा,
तीन दिवस थांबा, हे सगळं पाठ होतं मला.
मी ती दातांनी सोडली.

या गोळीला लागू पडायला दोन महिने लागतात.
गणपती गेल्यावर कधीतरी
पाढे पुन्हा एकोणीसवर थांबू लागले.
दोरगे परत आले नाहीत.
पिशवी धुऊन, घडी घालून ठेवली आहे,
द्यायची राहिली.
जिना दोन मजल्यांचा,
आणि वर गेल्यावर काय बोलायचं
ते अजून ठरत नाही.