खाडी बघून

एकशे वीस, मी म्हटलं.
मागचं चाक रुंद पाहिजे,
मागून बघणाऱ्याला कळलं पाहिजे की काहीतरी गेलं.

उस्मानचाचा होडेकर उकिडवे बसून
साखळी आणि टायरच्या मधल्या फटीत
करंगळी घालून बघत होते.
करंगळी गेली. अंगठी अडकली.
"एकशे वीस बसेल," ते म्हणाले,
"पण बसणं वेगळं, मावणं वेगळं, बाय."

नाट्याच्या जेटीकडे उतरताना त्यांचं दुकान:
चिऱ्याच्या तीन भिंती, चौथी नाहीच,
कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं,
आणि वाशाला टांगलेला आजोबांचा रंधा.
आजोबा मचवे बांधायचे.
नातू ट्यूबची भोकं बुजवतो.
पाणी आत येऊ द्यायचं नाही,
हवा बाहेर जाऊ द्यायची नाही,
धंदा तोच आहे, असं चाचांचं म्हणणं.

खडूने त्यांनी लादीवर लिहिलं:
शंभर, तिरकी रेघ, शंभर, आडवी रेघ, अठरा.
पहिला शंभर रुंदी, मिलिमीटरात.
दुसरा उंची, पण रुंदीच्या टक्क्यांत
(हे मी तीनदा विचारलं).
अठरा रिम, इंचात.
"आमची भावकी अशीच,
प्रत्येकाचं माप वेगळं
आणि चूल एकच."

तन्मेश गुरवने एकशे वीस टाकलेत, मी म्हटलं,
रत्नागिरीहून आणून. फोटो दाखवला.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी फोटो
नाकाला लावला.
"रिम अरुंद. कडा आत ओढल्यात.
मधे बघ, तळलेल्या वड्यासारखा फुगलाय.
नाव एकशे वीस,
जमिनीला टेकतंय दोन बोटं."

मग कुणाची तरी ट्यूब घमेल्यात दाबून
बराच वेळ बुडबुडा शोधत राहिले.

"होडी खाडी बघून बांधतात.
मालक बघून नाही.
बोल, कुठे चालवणार?"

मी सांगितलं. आधी सडा,
करडात लपलेले जांभ्याचे दात.
मग खालचा मळा,
भात कापून झालं तरी ज्याचं पाणी हटत नाही.
मग सुरूच्या बनातून पुळणीवर.

"सड्याला पुढचं एकवीसचं चाक आहे,
ते दगडावर चढतं, त्याला हात लावायचा नाही.
चिखलाला बारीक.
बारीक टायर चिखल कापत कापत
घट्ट जमिनीपर्यंत जातो.
रुंद वरच तरंगतो,
जागच्या जागी फिरतो आणि दुसऱ्यांच्या अंगावर उडवतो.
अशी माणसंही आहेत गावात."

आणि पुळण?

"पुळणीवर मला शिव्या घालशील."

साबणाचं पाणी, दोन पट्ट्या, एक गुडघा,
शंभर बसला.
दोन दिवस मी त्याच्याकडे धड बघितलं नाही.
माझ्या मनगटासारखा दिसत होता.

मार्गशीर्षातला रविवार.
मळ्यात तन्मेशचं चाक
पंचांच्या पांढऱ्या शर्टावर चिखल फेकत
एकाच खड्ड्यात भुंगावत होतं.
मी बाजूने गेले. आधी बुडाले,
पार चाकाच्या आसापर्यंत,
पोटात गोळा आला,
आणि मग, पोहताना अचानक पाय लागतो ना,
तशी जमीन लागली.

पुळणीवर पुढचं चाक वाळूत नांगरासारखं घुसलं.
हॅण्डल फिरलं.
तोंडात वाळू, डोळ्यांसमोर सुरूची मुळं,
आणि डाव्या कानाशी
तन्मेश आपल्या वड्यावर बसून
भुर्रकन निघून गेला.

संध्याकाळी दुकानात हेल्मेट उपडं केलं.
लादीवर मूठभर किनारा पडला,
खडूचे आकडे झाकून.
कितवी आलीस, चाचांनी विचारलं नाही.
"पुळणीवर?"
पुळणीवर.
"किती घातल्यास?"
चार.
"मला वाटलं दोन."

मग खाली बसले,
व्हॉल्व्हचं टोपण काढून ओठांत धरलं,
नखाने पिन दाबली.
फुस्स करत टायर जरासा सैलावला,
पायातला जोडा काढल्यावर माणूस सैलावतो तसा.
टोपण तोंडातच होतं, म्हणून शब्द नीट आले नाहीत,
पण मला वाटतं ते म्हणाले:
"आकडा झाला.
आता हवेचं बोलूया."