मनगट दाखव आधी

बेझांसोंमध्ये, दू नदीच्या वळणाशी,
ओडील व्हर्मो भिंग कपाळावर सरकवते
आणि म्हणते, मनगट दाखव आधी.
पैसे नंतर.

तिबो बेकरीत उमेदवारी करतो.
तेरा महिन्यांची बचत एका लिफाफ्यात,
लिफाफ्यालाही लोण्याचा डाग.
बोट काचेवर, सगळ्यात मोठ्या घड्याळाकडे:
तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारं.

पोहतोस?
नाही.
मग एवढं पाणी कशाला विकत घेतोस?

हे बघ, त्याचे कान मनगटाबाहेर आले
की समजावं, ते तुला घालतंय, तू त्याला नाही.
कानाशी धर. चकाकी दुकानातल्या दिव्यांची असते,
टिकटिक तेवढी त्याची स्वतःची.
पाठ उघडून दाखवायला जो कुरकुरेल
त्याच्याकडून घेऊ नकोस. माझ्याकडूनही.
लिफाफा पुरता रिकामा करू नकोस,
पाच-सहा वर्षांनी तेलपाणी लागेल, लागतंच.
पुढे किंमत वाढेल म्हणून सांगतील.
वाढेलही. पण मग ते तिजोरीत राहील,
आणि तिजोरीला कुठे वेळेवर उठायचं असतं?

तू किती वाजता उठतोस?

दोनला.
पहाट म्हणवत नाही तिला.

ओडील गप्प होते.
मग खणातून एक पोलादी घड्याळ काढते,
जुनं, बेताचं, काट्यांवर हिरवट उजेड.
हे विकायचं नाही. पंधरा दिवस घाल.
रोज किल्ली दे. रोज किती मागे पडतं, लिहून ठेव.
आणि राग आला तर तोही.

पंधरा दिवसांनी वही येते, पानांत पीठ.
चार सेकंद. चार. सहा. चार.
नवव्या दिवशी आकडा नाही, नुसतं:
किल्ली द्यायला विसरलो. बंद पडलं.
त्याची चूक नाही.

ही ओळ ती दोनदा वाचते.
भिंग डोळ्यावर ओढते,
किल्लीच्या बारीक दात्यांतलं पीठ
काडीने उकरून बोटावर घेते, हुंगते.

राय?
राय. शनिवारचा पाव.

मग तुला आटे असलेली किल्ली हवी,
घट्ट बसणारी, ती म्हणते,
आणि आज पहिल्यांदाच
काचेच्या कपाटाची किल्ली शोधू लागते.